कंटेनर उघडताय? आधी हे वाचा! बंद दारामागचा न दिसणारा धोका आणि जीव वाचवणारे साधे नियम

उरण : न्हावाशेवा बंदरात बोटीवरून उतरलेला माल थेट दुकानात किंवा कारखान्यात जात नाही. बरेच कंटेनर आधी उरण-पनवेल परिसरातल्या सीएफएसमध्ये येतात. सीएफएस म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशन. कंटेनर ठेवायचं, उघडायचं, माल काढायचं-भरायचं मोठं आवार. कस्टमने निवडलेल्या कंटेनरची तपासणीही इथेच होते. सील कापणारा हेल्पर, टॅली क्लार्क, सर्व्हेअर, सीएचएकडे काम करणारी पोरं, फोर्कलिफ्टवाला, माल उतरवणारे कामगार यांत आसपासच्या गावांतले अनेक जण आहेत.

तपासणीचा निर्णय अधिकारी घेतो, पण दाराला पहिला हात लावतो तो हेल्पर. आणि या कामातली सगळ्यात धोक्याची वेळ असते दार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटं. कारण आठवडेच्या आठवडे बंद असलेल्या या लोखंडी पेटीतली हवा बाहेरच्या हवेसारखी असेलच, याची काहीही खात्री नसते.

आत गॅस येतो कुठून?

घरच्या धान्याच्या कोठीत किडीसाठी गोळ्या ठेवतात, त्या बहुतेकांना माहीत आहेत. सेल्फॉस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गोळ्यांत अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी गॅस सुटतो. कंटेनरमध्येही हेच वापरलं जातं. डाळी, तांदूळ, काजू बी, मसाले असा माल बोटीवर लांबचा प्रवास करतो. त्याला कीड लागू नये म्हणून कंटेनरमध्ये गॅस मारून दार बंद करतात. याला फ्युमिगेशन म्हणतात.

दुसरा गॅस आहे मिथाइल ब्रोमाइड. तो शेतमालासाठी वापरतात, तसाच लाकडी पेट्या आणि पॅलेटसाठीही वापरतात. म्हणजे कंटेनरमध्ये मशीन असलं तरी त्याखालच्या लाकडाला गॅस मारलेला असू शकतो. लाकडावरचा शिक्का बघितला की कळतं. इंग्रजीत ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड, ‘एचटी’ असेल तर लाकूड गरम करून कीड मारलेली आहे.

वास आला नाही म्हणजे गॅस नाही, असं नाही

इथेच माणसं फसतात. फॉस्फिनला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो असं सांगतात. पण तो वास गॅसमधल्या इतर घटकांचा असतो आणि दर वेळी येतोच असं नाही. अमेरिकेत कामाच्या आठ तासांसाठी फॉस्फिनची कायदेशीर मर्यादा ०.३ पीपीएम आहे. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचा एक पूर्ण भागही नाही. इतकं थोडं प्रमाण नाकाने ओळखायचं म्हणजे नशिबावर हवाला.

मिथाइल ब्रोमाइडला तर रंगही नाही आणि कमी प्रमाणात जवळजवळ वासही नाही. तो हवेपेक्षा तिपटीहून जड असतो, त्यामुळे तळाशी, मालाच्या फटीत, कोपऱ्यात साचून राहतो.

गॅस मारलेल्या कंटेनरच्या दारावर कवटीचं चित्र असलेली धोक्याची सूचना लावायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यावर गॅसचं नाव आणि गॅस मारल्याची तारीख असते. ही सूचना दिसली तर दार उघडायचंच नाही, आधी सुपरवायझरला सांगायचं. पण सूचना नाही म्हणून कंटेनर सुरक्षित, असंही समजू नये. युरोपातल्या बंदरांवर झालेल्या तपासण्यांत स्टिकर नसलेल्या कंटेनरमध्येही घातक गॅस सापडले आहेत. चपला-बूट, प्लॅस्टिकचा माल, फर्निचर यांतला गोंद आणि रंग यांच्या वाफाही बंद जागेत साचतात.

गॅस नाही, पण श्वासही नाही

जुन्या विहिरीत किंवा पेवात एकदम उतरू नये, हे गावातलं जुनं शहाणपण. पेवाचं तोंड आधी बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. कारण आत ऑक्सिजन कमी झालेला असतो.

कंटेनरमध्ये आणि बोटीच्या पोटातही हेच घडतं. लोखंडी भंगार गंजतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. ओलं लाकूड, खोबरं, कोळसा यांचंही तसंच. साध्या हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती हवा कामासाठी धोक्याची मानतात. फारच कमी झाला तर माणसाला धाप लागायलाही वेळ मिळत नाही, तो जागेवर कोसळतो.

मात्र कंदिलाची युक्ती कंटेनरला अजिबात लावू नका. ज्योत विषारी गॅस ओळखत नाही, आणि फॉस्फिन तर पेट घेणारा गॅस आहे. इथे कंदिलाच्या जागी गॅस मीटरच पाहिजे.

दार उघडायची योग्य पद्धत

१) आधी कागद, मग कटर. मालात काय आहे, कुठून आला, फ्युमिगेशन सर्टिफिकेट आहे का, हे सील कापण्याआधी विचारा. दारावर जुन्या स्टिकरचा अर्धवट फाटलेला तुकडा दिसला तरी सांगा.

२) मीटरने तपासणी. दाराच्या रबराच्या फटीतून बारीक नळी आत घालून दार बंद असतानाच हवा मोजता येते. मीटर त्या-त्या गॅसचं लागतं. फक्त ऑक्सिजन दाखवणारं मीटर फॉस्फिन दाखवत नाही.

३) बाजूला उभं राहा. प्रवासात माल सरकून दाराला टेकलेला असतो. गोण्या, पाइप, कागदाचे रोल, फरशा दार उघडताच अंगावर येतात. आधी उजवं दार थोडंसं उघडायचं, तेही दाराला पट्टा किंवा साखळी लावून. समोर कोणीही उभं राहायचं नाही, मोबाइलवर फोटो काढणाऱ्यानेही नाही.

४) दोन्ही दारं उघडी ठेवून थांबा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहा. कंटेनरला एकाच बाजूला दार असल्याने आरपार वारा वाहत नाही, त्यामुळे हवा खेळायला वेळ लागतो. जमेल तिथे पंखा लावावा. किती वेळ थांबायचं हे घड्याळावर ठरत नाही, मीटरवर ठरतं.

५) आत जाण्याआधी पुन्हा मोजा. दाराशी आकडा ठीक आला तरी पाठीमागे, तळाशी गॅस असू शकतो. गच्च भरलेल्या गोण्या हलवल्या की अडकलेला गॅस बाहेर येतो. म्हणून माल निघत जाईल तसं परत मोजायचं.

६) एकट्याने आत जायचं नाही. एक माणूस बाहेर, आतल्यावर नजर ठेवून.

आणि तोंडाला बांधलेला रुमाल, कोविडमध्ये वापरलेला मास्क किंवा धुळीचा मास्क यांचा गॅसपुढे काडीचाही उपयोग नाही. गॅससाठी त्या गॅसचाच फिल्टर असलेला मास्क लागतो. ऑक्सिजन कमी असेल तर तो फिल्टरही निरुपयोगी, तिथे सिलिंडरची हवा देणारं उपकरणच हवं.

सहकारी आत पडला तर?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा धावतो, तोही पडतो. विहिरीत आणि गटाराच्या टाकीत एकामागोमाग माणसं जातात ती अशीच. जिवाभावाचा माणूस समोर पडलेला असताना थांबणं कठीण आहे, पण सिलिंडरच्या उपकरणाशिवाय आत शिरणारा माणूस वाचवणारा राहत नाही, त्यालाच वाचवायची वेळ येते. बाहेरूनच आरडाओरडा करा, दोन्ही दारं पूर्ण उघडा, यार्डच्या फायर टीमला बोलवा, १०८ किंवा ११२ ला फोन लावा.

दुपारी काम केलं, त्रास रात्री झाला

मिथाइल ब्रोमाइडचा त्रास कधी कधी लगेच कळत नाही. काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही डोकेदुखी, मळमळ, अंधारी, धाप, बोलणं-चालणं अडखळणं सुरू होऊ शकतं. घरच्यांना वाटतं ऊन लागलं, पित्त झालं किंवा घेऊन आला. म्हणून घरच्यांनीही लक्षात ठेवावं. कंटेनरचं काम करणाऱ्या माणसाला असा त्रास झाला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, ‘हा कंटेनरमध्ये उतरला होता.’ कंटेनरवरच्या सूचनेचा फोटो असेल तर दाखवा. फॉस्फिनवर उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवरच उपचार करतात. त्यामुळे लवकर पोहोचणं हाच मोठा इलाज.

आणखी एक. कंटेनरच्या तळाशी राखेसारखी भुकटी किंवा तिच्या पुड्या दिसल्या तर हात लावू नका, पाणी मारू नका. त्यात उरलेलं औषध असू शकतं आणि पाण्याने पुन्हा गॅस सुटतो. पॅलेटचं लाकूड चुलीला, रिकाम्या गोण्या घरात वापरायला नेऊ नयेत.

रसायनांचे कंटेनर : दोन घटना विसरू नयेत

मुंबई बंदराच्या शिवडी भागात १४ जुलै २०१० रोजी वर्षानुवर्षं बेवारस पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरहून अधिक लोकांना बाधा झाली. बांगलादेशात चितगावजवळ सीताकुंड इथल्या कंटेनर डेपोत ४ जून २०२२ च्या रात्री आग लागली. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडचे कंटेनर होते. आत रसायन आहे हे आग विझवायला गेलेल्या जवानांना आधी कळलंच नाही. स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक जीव गेले. त्यात अग्निशमन दलाचे जवानही होते.

दोन्हीकडे धडा एकच. यार्डात कुठे काय ठेवलंय हे तिथे काम करणाऱ्याला माहीत पाहिजे. धोकादायक मालाच्या कंटेनरवर चौकटच्या पत्त्याच्या आकाराचं लेबल असतं आणि खाली १ ते ९ पैकी वर्गाचा आकडा. २ म्हणजे गॅस, ३ म्हणजे पेटणारं द्रव, ८ म्हणजे कातडी जाळणारं रसायन. एवढं ओळखता आलं तरी खूप झालं. अशा कंटेनरमधून थेंब गळताना किंवा वाफ येताना दिसली, तर जवळ जाऊन बघायचं नाही. लांब जाऊन कळवायचं.

गाड्यांचाही धोका तेवढाच

कंटेनर उचलणाऱ्या रीच स्टॅकरच्या चालकाला उचललेल्या कंटेनरमुळे समोरचं बरंचसं दिसत नाही. मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रेलरचंही तसंच. चमकणारं जॅकेट, हेल्मेट, सेफ्टी बूट घातल्याशिवाय यार्डात पाऊल टाकू नये. दोन कंटेनरच्या मधल्या बोळातून शॉर्टकट नको, लटकत्या कंटेनरखालून तर नाहीच. पावसाळ्यात आणि रात्रपाळीत डबल काळजी. कानात इअरफोन घालून चालणं म्हणजे मागून येणारा हॉर्न स्वतःच बंद करणं.

कामगाराचे हक्क काय?

ठेकेदाराच्या हाताखाली काम असलं तरी सुरक्षा ही उपकाराची गोष्ट नाही. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९८६ चा स्वतंत्र कायदा होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत तो सामावून घेतला आहे. या संहितेनुसार कामगाराला नेमणुकीचं पत्र मिळायला हवं. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची माहिती मागायचा त्याला हक्क आहे. जिवाला धोका आहे अशी रास्त शंका आली तर मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवता येतं, आणि मालकाने त्यावर लगेच उपाय करायचा असतो.

ईएसआयसी लागू असेल आणि महिन्याचा पगार २१ हजार रुपयांपर्यंत असेल, तर कामावरच्या अपघातात उपचार मिळतात. काम बंद पडलेल्या दिवसांसाठी साधारण ९० टक्के पगाराइतकी भरपाईही मिळते. त्यासाठी अपघाताची नोंद रजिस्टरमध्ये त्याच दिवशी व्हायला हवी. ‘जाऊ दे, थोडंसंच लागलंय’ म्हणून नोंद टाळली की पुढे काम करताना लागलं हे सिद्ध करणं अवघड जातं. गेटपास, हजेरीचा फोटो, ईएसआयसी नंबर मोबाइलमध्ये ठेवा आणि घरात एकाला तरी पाठवून ठेवा.

‘लवकर उघड, साहेब थांबलेत’ असं यार्डात रोज ऐकू येतं. साहेबही त्याच दारातून आत जाणार असतात, त्यामुळे मीटर लावणं त्यांच्याही फायद्याचं आहे. नव्याने कामाला लागलेल्या पोरांनी पहिल्याच दिवशी सुपरवायझरला विचारावं, ‘गॅस मीटर कुठे आहे?’ आणि यार्डात मीटर नसेल, तर ते येईपर्यंत कंटेनरच्या आत पाय ठेवू नये.