सागवान नको, शेठ!

नाशकातल्या कुठल्याही लाकडाच्या वखारीत शिरा, शेठचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दरवाजा की दिवाण?" होडीसाठी लाकूड हवंय म्हटलं की तो आधी गोदावरीच्या दिशेला बघतो, मग आपल्याकडे, आणि मग हमखास सागाच्या थप्पीकडे नेतो. गिऱ्हाईक हौशी आहे म्हणजे त्याला उत्तमच माल द्यायला हवा, असा त्याचा सरळ हिशेब. तिथून घरी कायाक बांधणाऱ्याची खरी अडचण सुरू होते, कारण बाजार ज्याला उत्तम म्हणतो ते लाकूड त्याच्या कामाचं नसतं.

सागाचा मान मोठा आहे, त्यात वाद नाही. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेला तो आपल्या बल्लारशाहून. मुंबईच्या वाडियांनी मलबारी सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. पण युद्धनौका कोणी खांद्यावर घेऊन धरणाच्या उतारावरून नेत नाही. कायाक न्यावी लागते. लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेल्या सतरा फुटी कायाकला जेमतेम एक घनफूट लाकूड लागतं. साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतो, तर परदेशी कायाकवाल्यांचं लाडकं वेस्टर्न रेड सीडर साडेदहा. वर काचेचं कापड आणि इपॉक्सी राळ यांचं वजन चढतं ते वेगळंच. म्हणून वखारीत टेप काढण्याआधी वजनकाटा काढावा लागतो. ते बघून शेठचा चेहरा जो होतो, तो बघण्यासारखा असतो.

जुन्या नाशकात वाडा उतरवला जात असल्याची बातमी आली की मात्र भल्याभल्यांचा निश्चय डळमळतो. तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या. शंभर वर्षं वाळलेलं, आता न वाकणारं लाकूड. पण त्याच्या पोटात खिळे असतात. आरागिरणीवाला आधी लोहचुंबक फिरवायला लावतो आणि तरी बजावतो, "खिळा लागला तर पातं तुमच्या खात्यावर." या सागातून फक्त बसण्याच्या भोकाभोवतीची कड आणि तळाची घासपट्टी काढावी. सागात मूळचंच तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी तो ॲसिटोननं पुसून घ्यायचा.

मग हलकं लाकूड आणायचं कुठून? उत्तर सातपूर-अंबडच्या भंगारात सापडतं. कारखान्यांत परदेशातून यंत्रं येतात ती पाइनच्या खोक्यांत. ती खोकी फुटली की फळ्या भंगारवाल्याकडे पोचतात. घेताना शिक्का बघायचा. 'एचटी' म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, ते घ्यावं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं. त्याचा भुसा नाकात कशाला घालायचा? खरा त्रास गाठींचा. फूट-दीड फुटावर गाठ, आणि पट्टी वाकवली की नेमकी तिथंच कट्‌कन मोडते. दहा फळ्या उपसाव्या तेव्हा एक सरळ रेषेची निघते. ती लांबीला कमीच असते, म्हणून तिरका जोड द्यायचा: जाडीच्या आठपट उतार. दोन सुतांच्या पट्टीला दोन इंच. हा जोड नीट बसला तर पट्टी दुसरीकडे मोडेल, जोडावर मोडणार नाही.

चिराईच्या वेळी आणखी एक गंमत होते. पट्टी हवी दोन सूत जाड, सहा सूत रुंद. गोल पात्याची करवत दर कापाला सूतभर लाकूड भुशात घालवते, म्हणजे विकत घेतलेल्या फळीचा तिसरा हिस्सा जमिनीवर. म्हणून बारीक पात्याचा बँडसॉ असलेला मिस्त्री शोधायचा आणि त्याच्याशी गोड बोलायचं. एवढ्या काड्यांचा ढीग पडलेला पाहून तो विचारतोच, "साहेब, चिकाचे पडदे करताय का?"

हे वेड एकट्यादुकट्याचं वाटू नये म्हणून सांगतो. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात नौदलाची 'म्हादेई' बांधली गेली, तिच्या कवचाचा गाभाही लाकडाच्या पट्ट्यांचा, वर काचेचं कापड आणि राळ. रीत तीच, फक्त लांबी ५६ फूट. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलाकडे आली आणि त्याच ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले. मे २०१० मध्ये ते पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. शिडाच्या बोटीतून एकट्यानं ती करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेमागची कल्पना होती व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची.

पट्ट्यांचा धीर नसेल त्यांना प्लायवूडचा रस्ता आहे. दुकानदार 'मरीन' म्हणतो त्यावर जाऊ नका, 'आयएस ७१०' छापलेलं बघा. त्या प्रमाणात तुकडा ७२ तास उकळून परत तपासतात. घरी ७२ तास कोणी गॅस जाळत नाही. एक तुकडा पातेल्यात घालून अर्धा दिवस रटरटवला तरी डिंकाची जात कळते. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या पातेल्यात पुन्हा आमटी होत नाही. आठ बाय चारचं चार मिलिमीटर गर्जन प्लाय आठ किलोच्या घरात जातं, गबूनचं साडेपाचच्या आसपास. कडेनं बघा: थरांत पोकळी दिसली तर परत करा.

प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि आतून राळेची शिवण भरायची. तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते. शिवून होडी करणं आपल्याकडे मुळीच नवं नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेली 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आली, तिच्या फळ्या काथ्यानं शिवल्या आहेत.

राळ, म्हणजे इपॉक्सी, ही नाशिकसारख्या विजेच्या उपकरणांच्या गावाला परकी नाही, आणि पेठ-कपराडा मार्गे घाट उतरलात तर लॅपॉक्स इपॉक्सी बनवणारी 'अतुल' कंपनी वलसाडजवळच आहे. फसगत होते ती कापडात. फायबरच्या दुकानात तंतूंची मॅट पुढे करतात. तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टर राळेतल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. मॅट ताठच राहते, वळणावर बसत नाही. विणलेलं कापडच मागा, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं. आणि राळ संध्याकाळी लावा. सकाळी लावली तर लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगते आणि काचेत फोड येतात. उतरत्या उन्हात लाकूड उलट राळ आत ओढून घेतं. पावसाळ्यात वर मेणचट थर येतो, तो पाण्यानं धुतल्याशिवाय पुढचा हात द्यायचा नाही. निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत राळ वाळता वाळत नाही. कडक उन्हाळाही सोडला, तर राहतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी.

सातपूर-अंबडच्या कारखानदारांना एकच विनंती: यंत्राच्या खोक्यातली दहा फुटांवरची, गाठ नसलेली पाइनची फळी दिसली तर ती भट्टीत घालू नका. भंगारवाल्याला बाजूला काढून ठेवायला सांगा, गिऱ्हाईक येईल.