फुल्ल रेंज, फुल्ल धमाल!

रील अडकली? गोल चक्र फिरतंय? मग नेहमीचा कार्यक्रम सुरू करा. फोन खिडकीबाहेर धरा, हात उंच करा, कंपनीच्या नावानं बोटं मोडा. पण दर वेळी कंपनीचाच दोष असतो असं नाही हं! हवा कितीही मोकळी दिसली तरी तिच्यातली जागा मोजकी आहे. एकाच भागात, एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं बोलले की दोघांचंही बोलणं मातीत. म्हणून वायरलेसच्या जन्मापासून भल्या भल्या डोक्यांना एकच कोडं छळतंय: त्याच हवेत आणखी माणसं बसवायची कशी? या बसवाबसवीत एक अभिनेत्री आहे, एक सर्फर आहे, नौदलातला एक अधिकारी आहे आणि चक्क कबुतरंही आहेत. डेटा ऑन? चला!

माहीत आहे का, तुमच्या ब्लूटूथ इअरबड्समधली आयडिया हॉलिवूडच्या एका हिरोईनीच्या डोक्यातही आली होती? हेडी लामार तिचं नाव. दुसरं महायुद्ध ऐन रंगात होतं. रेडिओवर चालणाऱ्या टॉर्पेडोचा सिग्नल शत्रूनं जॅम केला की टॉर्पेडो भरकटायचा. हेडी आणि तिचा संगीतकार मित्र जॉर्ज अँथाइल यांनी तोडगा काढला: सिग्नलनं एका फ्रिक्वेन्सीवर थांबायचंच नाही, टुणटुण उड्या मारत राहायचं! ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळालं. फ्रिक्वेन्सी किती? ८८. का? पियानोच्या पट्ट्या तेवढ्याच! दोन्ही टोकांच्या उड्या एकाच तालात पडाव्यात म्हणून त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोची भोकं पाडलेली कागदी गुंडाळीच सुचवली होती.

अमेरिकेच्या नौदलानं तेव्हा ती कल्पना बासनात गुंडाळली. आज साधं ब्लूटूथ ७९ चॅनेल्सवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. हेडीला अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये, म्हणजे ती गेल्यानंतर १४ वर्षांनी. आता एक कानगोष्ट. 'हेडीनं वायफायचा शोध लावला' असा फॉरवर्ड आला तर पुढे ढकलू नका. तेवढं मात्र खरं नाही.

मग वायफाय कुणाचं? श्रेय अनेकांचं, पण सगळ्यात मसालेदार किस्सा ऑस्ट्रेलियाचा. जॉन ओ'सुलिव्हन हे खगोलशास्त्रातले अभियंते. स्टीफन हॉकिंग यांनी चिमुकली ब्लॅक होल फुटत असावीत असं मांडलं होतं, आणि ओ'सुलिव्हन त्या स्फोटांचे रेडिओ सिग्नल शोधत होते. ब्लॅक होल काही सापडलं नाही. पण अंतराळातून येता येता फिसकटलेले सिग्नल साफ करण्याचं गणित हाती लागलं. पुढे सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत घरातल्या भिंतींवर आपटून फिसकटणाऱ्या सिग्नलचा प्रश्न आला, तेव्हा तो अनुभव कामी आला. १९९६ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं आणि त्यावर संस्थेनं ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त वसूल केले. शोधायला गेले ब्लॅक होल, सापडला गोल्ड होल!

त्याच संस्थेच्या पार्क्स दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून विचित्र रेडिओ सिग्नल येत होते. वीज? वातावरण? एलियन? २०१५ मध्ये चोर पकडला गेला: कँपसमधला मायक्रोवेव्ह ओव्हन! 'टिंग' व्हायच्या आधीच कुणीतरी घाईनं दार उघडायचं आणि थोड्या लहरी बाहेर सटकायच्या. जेवण गरम, शास्त्रज्ञही गरम.

तुमच्या घरचा ओव्हनही कमी नाही बरं का! तो चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि वायफायचा जुना पट्टा आहे २.४ गिगाहर्ट्झचा. सख्खे शेजारी. त्यात या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल सहसा तीनच: १, ६ आणि ११. आता सोसायटीतले राउटर मोजा.

आणि माहीत आहे का, घरातला एक रडतखडत चालणारा जुना फोन सगळ्यांचं वायफाय रडवू शकतो? साधं वायफाय प्रत्येकाला बोलायची सारखी पाळी देतं, सारखा वेळ नाही. लांबच्या खोलीतला फोन जेमतेम १ एमबीपीएसनं बोलत असेल तर त्याची पाळी संपता संपत नाही आणि शेजारचा ५४ एमबीपीएसवाला खोळंबून बसतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हे गणितानं दाखवून दिलं. तेव्हा बाथरूममध्ये बसून व्हिडिओ बघणाऱ्याला खुशाल ओरडा. विज्ञान तुमच्या बाजूला आहे.

आता हवाई सफर. नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकांनी हवाई बेटांवर नोकरी धरली, त्यामागे समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करण्याचा मोह होता. लाटांचा नाद असा की १९७१ मध्ये त्यांनी रेडिओलहरींवर बेटं जोडली. नेटवर्कचं नाव अलोहानेट. नियम साधा: वाटेल तेव्हा पाठवा. दोघांची टक्कर झाली? दोघांनीही मनाला येईल तेवढं थांबा आणि पुन्हा पाठवा. बस्स! ना ट्रॅफिक पोलीस, ना सिग्नल.

या मोकळ्या कारभारात चॅनेलचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वापर होतो. मग कुणीतरी एकच शिस्त लावली: ठरलेल्या ठोक्यावरच पाठवायला सुरुवात करा. आकडा थेट दुप्पट, ३६.८ टक्के! भारीतला भारी फोर-जी फोनसुद्धा टॉवरचं दार पहिल्यांदा ठोठावतो ते याच पद्धतीनं. ६४ ठरावीक खुणांपैकी एक उचलतो, दुसऱ्या फोननं नेमकी तीच उचलली तर थांबतो, पुन्हा ठोठावतो.

एकदा आत गेलात की मात्र कडक पंगत. फोर-जीचा टॉवर दर एक मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला हजार वेळा, ठरवतो की आता कुणाच्या पानात किती वाढायचं. वाढपी हुशार आहे. तुमचा फोन सारखा कळवत असतो की माझ्याकडे सिग्नल कसा आहे, ० ते १५ मधला आकडा. चांगला आकडा सांगणाऱ्याला भरभरून वाढलं तर कमी वेळात जास्त डेटा संपतो, पण कोपऱ्यातला उपाशी राहतो. म्हणून बहुतेक टॉवर मधला मार्ग धरतात: ज्याचा सिग्नल त्याच्या स्वतःच्या नेहमीपेक्षा आत्ता चांगला आहे, त्याचा नंबर आधी.

पण थांबा, एकेकाळी न्यूयॉर्कमध्ये काय हाल होते माहीत आहे का? मोटारीत टेलिफोन बाळगणारे सुमारे २००० श्रीमंत आणि शहरभर मिळून चॅनेल १२! कॉल लावायला अर्धा अर्धा तास ताटकळावं लागे. गाडी करोडोंची, लाइन मात्र रेशनची.

यावरचा उपाय १९४७ मध्येच बेल लॅब्जमधल्या एका टिपणात लिहिलेला होता. एका उंच टॉवरनं अख्खं शहर व्यापण्याऐवजी षटकोनी तुकडे करा, प्रत्येकाला छोटा टॉवर द्या, आणि थोडं दूर गेलं की तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरा.

यात किती ताकद आहे? मार्टिन कूपर यांना विचारा. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या किलोभर वजनाच्या मोबाइलवरून त्यांनी पहिला कॉल लावला तो प्रतिस्पर्धी बेल लॅब्जच्या जोएल एंगल यांना. टशन असावी तर अशी! याच कूपर यांचा हिशेब आहे की सुमारे ४५ वर्षांत वायरलेसची क्षमता दहा लाख पट वाढली. जास्त स्पेक्ट्रम मिळाल्यामुळे २५ पट, स्पेक्ट्रमच्या बारीक चकत्या केल्यामुळे ५ पट, सिग्नल घडवण्याच्या नव्या तंत्रांमुळे ५ पट. उरलेली १६०० पट? टॉवरचा इलाका लहान करत नेल्यामुळे! लिलावांचे मथळे झळकतात स्पेक्ट्रमच्या किमतीचे, पण माझं मत विचाराल तर खरा हिरो तुमच्या गल्लीतला तो ठेंगणा टॉवरच.

बाय द वे, २०२२ चा फाइव्ह-जी लिलाव आठवतोय? सात दिवस, ४० फेऱ्या, १,५०,१७३ कोटी रुपये. विकत काय घेतलं, तर परवानगी.

त्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा 'अल्ट्रामॉडर्न' पट्टाही होता. अल्ट्रामॉडर्न? कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९४ ते ९६ च्या काळात ५ मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या लहरींपर्यंत मजल मारली होती! ६० गिगाहर्ट्झची गंमत अशी की हवेतला ऑक्सिजनच हा सिग्नल गिळतो. किलोमीटरभरात ताकद तिसाव्या भागाच्या आसपास. तोटा? छे, फायदा! सिग्नल शेजारच्या इमारतीत डोकावतच नाही, तिथे तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा मोकळी. कूपर खूश.

आता पुणेकरांनो, कॉलर ताठ करा. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात 'बीम वायरलेस' सुरू झालं, तेव्हा संदेश सुटायचे खडकीहून आणि उतरायचे मात्र दौंडला! मध्ये ७५ किलोमीटरच्या आसपास अंतर. कारण स्वतःच्याच ट्रान्समीटरच्या गोंगाटात दूरवरून आलेली कुजबुज ऐकू येत नाही. तुमचा फोन हेच भांडण तळहातावर मिटवतो. एक तर बोलायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवतो, नाहीतर एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं बोलतो-ऐकतो. आपल्याकडच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या फाइव्ह-जीत ही दुसरी युक्ती चालते. खडकी टू दौंड, पापणी लवायच्या आत!

नारायणगावजवळच्या खोडदला मात्र मामला उलटा. तिथे रेंज असणं हीच कटकट! जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ३० प्रचंड डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, अवकाशातली अतिक्षीण कुजबुज ऐकत असतात, आणि मोबाइलचे काही पट्टे नेमके त्यांच्या ऐकण्याच्या टप्प्यात येतात. म्हणून पाहुण्यांनो, फोन बंद! कान किती तिखट? १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा बारीकसा सिग्नल खोडदमधून टिपला गेला. उतरायच्या जरा आधी तो गप्प झाला. यान कोसळलं होतं.

माहीत आहे का, जुन्या टू-जी टॉवरची हद्द ३५ किलोमीटर का? ताकद कमी पडते म्हणून नव्हे, घड्याळ संपतं म्हणून! लांबच्या फोनचा सिग्नल उशिरा पोचतो, म्हणून टॉवर त्याला सांगतो, 'बाबा रे, थोडं आधी बोल.' हे 'आधी' मोजायला ० ते ६३ एवढेच आकडे, आणि प्रत्येक पायरी सुमारे ५५० मीटरची. करा गुणाकार.

भिंतीवर आपटून येणारा प्रतिध्वनी म्हणजे रेडिओवाल्यांची डोकेदुखी. आरोग्यस्वामी पॉलराज यांनी त्याचंच औषध केलं. भारतीय नौदलात असताना त्यांनी पाणबुड्या हुडकणारं 'अप्सोह' सोनार घडवलं, आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये मिमोची कल्पना मांडली. अनेक अँटेना लावा, वेगवेगळ्या वाटांनी येणारे सिग्नल वेगळे ओळखा, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी अनेक प्रवाह! २०१४ चा मार्कोनी पुरस्कार त्यांना मिळाला. आज फाइव्ह-जीच्या टॉवरवर ६४-६४ अँटेनांचे पॅनेल दिसतात.

पावसाळ्यात डिश टीव्ही नेमका क्लायमॅक्सला का गोठतो? थेंब सिग्नल शोषतात म्हणून. टॉवर-टॉवरमधले मायक्रोवेव्ह दुवेही असेच भिजतात. इस्रायलमधल्या हागित मेसर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच उलटं वापरून दाखवलं: सिग्नल किती घटला ते पाहा आणि पाऊस किती पडला ते सांगा. फुकटातलं पर्जन्यमापक!

आता खास मराठी धक्का. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं, मराठीत फक्त ७०! एका एसएमएसला १४० बाइट जागा. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, देवनागरीला १६ लागतात. त्यातून 'स्त्री' लिहिलंत की सहा जागा खल्लास, कारण हलन्त आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. अख्ख्या इंग्रजी मेसेजात एक 'ळ' घुसवलात तरी साऱ्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. ळ भारी पडतो तो असा!

'१०० एमबीपीएस' घेतलंय आणि ८०० एमबीचा सिनेमा ८ सेकंदांत उतरत नाही म्हणून तक्रार? त्यातला 'बी' बिटचा, सिनेमाचा बाइटचा. आठानं भागा. लागणार ६४ सेकंद, तेही सगळं सुरळीत असेल तर.

फोनवर समोरचा गप्प असताना जी हलकी 'सूऽऽ' ऐकू येते, ती बऱ्याचदा डुप्लिकेट असते! शांततेत फोन प्रसारण जवळजवळ थांबवतो. बॅटरी वाचते, हवेतली गर्दी कमी होते. पण ठार शांतता झाली की आपण 'हॅलो? हॅलो?' करत सुटतो. म्हणून आपलाच फोन तो खोटा आवाज तयार करून आपल्याला ऐकवतो.

आणि कबुतरं? विसरलो नाही! १ एप्रिल १९९० रोजी इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांच्या मालिकेत एक फर्मास थट्टा आली: कबुतरांकरवी डेटा कसा पाठवावा. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये काही हौशी मंडळींनी ती खरी करून दाखवली. नऊ पॅकेट सोडली, उत्तरं आली चार, आणि सगळ्यात चपळ उत्तराला ५० मिनिटांहून जास्त वेळ लागला. हसलात? मग २००९ मधला दक्षिण आफ्रिकेतला विन्स्टन पाहा. पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून हा पठ्ठ्या सुमारे ८० किलोमीटर उडाला. कार्डावरचा डेटा उतरवून घेण्यासकट काम दोन तासांच्या आसपास फत्ते. तेवढ्या वेळात ब्रॉडबँडनं किती पोचवलं? चार टक्के! आणि विन्स्टनचा रिचार्ज? मूठभर दाणे, अनलिमिटेड व्हॅलिडिटी.