इलेक्ट्रॉन-जोडी कुठे गुंतली आहे? विषमचक्रीय ॲरोमॅटिक संयुगे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेंझीनपर्यंत सेंद्रिय रसायनशास्त्र बहुतेक विद्यार्थ्यांना जमते. पुढे पिरिडीन, पायरोल, फ्युरान, थायोफीन आले की पाठांतर सुरू होते. हे आम्लारी, ते नाही; इथे दुसऱ्या स्थानावर अभिक्रिया, तिथे तिसऱ्या. परीक्षा झाली की सगळे पुसले जाते. खरे तर इथे पाठ करण्यासारखे फार थोडे आहे. वलयात कार्बनबरोबर नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक असेल, तर आधी एकच प्रश्न विचारावा: त्या अणूची एकाकी इलेक्ट्रॉन-जोडी कुठे गुंतली आहे? नेहमीचे बरेचसे गैरसमज या एका प्रश्नाने दूर होतात.

गैरसमज १: ॲरोमॅटिक म्हणजे सहा कार्बनचे वलय.

वस्तुस्थिती: ॲरोमॅटिकपणा इलेक्ट्रॉनांच्या हिशेबावर ठरतो. वलय सपाट हवे. त्यातल्या प्रत्येक अणूकडे वलयाच्या प्रतलाला काटकोनात असलेले पी-कक्षक हवे. या सलग कक्षकांत पसरलेल्या पाय-इलेक्ट्रॉनांची संख्या २, ६, १० अशी, म्हणजे कोणत्याही पूर्णांकाच्या चौपटीत दोन मिळवून येणारी हवी. हा नियम एरिख ह्युकेल यांच्या १९३१ च्या कामातून आला. अणू कार्बनचाच हवा, अशी अट त्यात कुठेही नाही.

थायोफीनचा शोध हे याचे उत्तम उदाहरण. इसॅटिन आणि संहत सल्फ्युरिक आम्ल मिसळल्यावर निळा रंग आला की बेंझीन ओळखले, असे एकोणिसाव्या शतकात मानत. १८८२ मध्ये झुरिकला व्हिक्टर मायर व्याख्यानात हे प्रात्यक्षिक दाखवत होते आणि रंग आलाच नाही. त्या दिवशीचे बेंझीन नेहमीसारखे कोळशाच्या डांबरातून काढलेले नव्हते, ते बेंझॉइक आम्लापासून बनवलेले होते. मायर यांनी या धाग्याचा पाठपुरावा केला. निळा रंग बेंझीनचा नव्हताच. डांबरातल्या बेंझीनमध्ये मिसळलेल्या, गंधक असलेल्या पंचकोनी वलयाचा तो होता. हेच थायोफीन. बेंझीन ८० अंश सेल्सिअसला उकळते आणि थायोफीन ८४ अंशांना, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने ते वेगळे होत नव्हते.

दोघांत इतके साम्य का? थायोफीनमधले चार कार्बन चार इलेक्ट्रॉन देतात आणि गंधक आपली एक जोडी देतो. एकूण सहा. गंधकाची दुसरी जोडी वलयाच्या प्रतलातच बाहेरच्या बाजूला राहते आणि या हिशेबात येत नाही.

गैरसमज २: वलयात नायट्रोजन आला की संयुग ॲरोमॅटिक झाले.

वस्तुस्थिती: विषमचक्रीय असणे आणि ॲरोमॅटिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिऱ्याला तिखटपणा देणाऱ्या पायपरीनमध्ये नायट्रोजनचे सहा अणूंचे वलय आहे, पण त्या वलयात एकही दुहेरी बंध नाही, त्यामुळे ते ॲरोमॅटिक नाही. तंबाखूतल्या निकोटिनमध्ये तर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी आहेत: एक ॲरोमॅटिक पिरिडीन वलय आणि त्याला जोडलेले, ॲरोमॅटिक नसलेले पायरोलिडीन वलय. आम्ल मिसळले की प्रोटॉन आधी पायरोलिडीनच्या नायट्रोजनवर जातो, कारण तोच अधिक तीव्र आम्लारी आहे.

गैरसमज ३: नायट्रोजन म्हणजे आम्लारी.

वस्तुस्थिती: हाडे तापवून काढलेल्या दुर्गंधी तेलातून स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँडरसन यांनी पिरिडीन आणि पायरोल ही दोन्ही संयुगे मिळवली. दोन्हींत एकेकच नायट्रोजन आहे. तरीही पिरिडीन विरल आम्लात लगेच क्षार बनवून विरघळते. पायरोल तसे क्षार बनवत नाही, आणि तीव्र आम्लात त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन गडद राळ होते.

दोन्हींचा हिशेब मांडून पाहू. पिरिडीनमध्ये पाच कार्बन आणि नायट्रोजन असे सहाही अणू एकेक इलेक्ट्रॉन देतात. सहाची संख्या इथेच भरते. नायट्रोजनची एकाकी जोडी वलयाच्या प्रतलात, बाहेर तोंड करून मोकळी असते आणि प्रोटॉन धरू शकते. पायरोलमध्ये कार्बन चारच. उरलेले दोन इलेक्ट्रॉन नायट्रोजनला आपल्या एकाकी जोडीतून द्यावे लागतात. घरखर्चात घातलेला पैसा बाहेर उसना देता येत नाही, तशी ही जोडी प्रोटॉनसाठी मोकळी नसते. पायरोलला प्रोटॉन जोडला गेलाच तर तो नायट्रोजनवर न जाता शेजारच्या कार्बनवर जातो, आणि तिथे ॲरोमॅटिकपणा मोडतो.

आकड्यांत सांगायचे तर प्रोटॉन जोडलेल्या पिरिडीनचा पीकेए सुमारे ५.२ आहे आणि तशाच पायरोलचा सुमारे उणे ३.८. फरक नऊ एककांचा, म्हणजे आम्लारीपणात जवळजवळ शंभर कोटी पटींचा.

गैरसमज ४: ॲरोमॅटिक वलये स्थिर, म्हणून सगळी सारखीच निष्क्रिय.

वस्तुस्थिती: स्थिरता सगळ्यांना सारखी मिळत नाही. ॲरोमॅटिकपणामुळे मिळणारी जादा स्थिरता बेंझीनसाठी मोलमागे साधारण १५० किलोज्यूल, थायोफीनसाठी १२०, पायरोलसाठी ९० आणि फ्युरानसाठी ६७ धरतात. ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे फ्युरानमध्ये वाटणी अर्धवट राहते. म्हणूनच फ्युरान मॅलेइक ॲनहायड्राइडशी साध्या डाइनसारखे जोडले जाते. बेंझीन असे सहजी करत नाही.

अभिक्रियेचा वेगही इलेक्ट्रॉनांच्या वाटणीवर ठरतो. पायरोलमध्ये पाच अणूंवर सहा इलेक्ट्रॉन पसरलेले, त्यामुळे कार्बनांवर इलेक्ट्रॉनांची समृद्धी असते आणि इलेक्ट्रोफाइल तिकडे धावतात. पायरोलचे नायट्रेशन सौम्य अभिकर्मकाने, शून्य अंशाखालीही होते आणि ते मुख्यतः दुसऱ्या स्थानावर. पिरिडीनमध्ये नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, शिवाय आम्लात तो आधी प्रोटॉन घेऊन धनभारित होतो. मग तापमान ३०० अंशांच्या आसपास नेऊनही नायट्रो-संयुग थोडेच मिळते, तेही तिसऱ्या स्थानावर.

याचा अर्थ पिरिडीन निष्क्रिय आहे असा नव्हे. दुसऱ्या आणि चौथ्या स्थानांवर इलेक्ट्रॉनांची टंचाई असते, त्यामुळे इलेक्ट्रॉन घेऊन येणारे न्यूक्लिओफाइल तिथे सहज हल्ला करतात. सोडामाइडबरोबर तापवल्यास दुसऱ्या स्थानावर अमिनो गट बसतो. ही चिचिबाबिन अभिक्रिया बेंझीनवर चालत नाही.

गैरसमज ५: ही वलये कारखान्यात आणि प्रयोगशाळेतच असतात.

वस्तुस्थिती: डीएनएचे चारही नत्रयुक्त घटक विषमचक्रीय आहेत. हिमोग्लोबिनमधले लोह पायरोलसारख्या चार वलयांच्या चौकटीत बसलेले असते. ही चौकट प्रथिनाला धरली जाते ती हिस्टिडीनच्या इमिडाझोल वलयामार्फत. या छोट्या वलयात दोन नायट्रोजन आहेत, एक पायरोलसारखा आणि एक पिरिडीनसारखा. लोहाला धरतो तो दुसरा, कारण त्याची जोडी मोकळी आहे.

चौथ्या स्थानाची टंचाईही शरीरात रोज कामाला येते. नायसिन या जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या एनएडीमध्ये पिरिडीनचे धनभारित वलय असते. अन्नातून ऊर्जा काढताना हेच वलय चौथ्या स्थानावर हायड्राइड स्वीकारते आणि पुढे दुसऱ्या रेणूला देते. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड हेही पिरिडीनचेच संयुग. क्षयाच्या जंतूत ते सक्रिय झाले की एनएडीच्या त्याच चौथ्या स्थानाला जोडले जाते, आणि पेशीभित्तिकेसाठी लागणारे एक महत्त्वाचे एन्झाइम बंद पडते. भारतात असंख्य रुग्ण रोज घेत आलेल्या या गोळीचे काम समजते ते इलेक्ट्रॉनांच्या याच हिशेबाने.

म्हणून नवे वलय समोर आले की नाव आठवत बसू नये. कागदावर ते काढावे, पाय-इलेक्ट्रॉन मोजावेत, प्रत्येक एकाकी जोडी वलयात गुंतली आहे की बाहेर मोकळी आहे ते लिहावे आणि टंचाई कोणत्या कार्बनवर आहे ते पाहावे. आम्लारीपणा, अभिक्रियेचे स्थान आणि वेग यांचा अंदाज त्यातून स्वतःच बांधता येतो. शिकवणाऱ्यांनी तक्त्याआधी हा हिशेब फळ्यावर मांडला, तर हा धडा विद्यार्थ्यांना कायमचा कळेल.