आंबवणाची गोष्ट : लेखांक ६
माळ्यावरचं विरजण

मागच्या आठवड्यात बेल्जियमच्या मठांमधली बिअर पाहिली. आज ब्रसेल्समधल्या एका घराकडे वळू. शहराच्या आंदरलेख्त भागात १९०० साली पॉल कांतियों आणि त्यांच्या पत्नी मारी ट्रोख यांनी धंदा मांडला. सुरुवातीला ते दुसऱ्यांकडून लॅम्बिक नावाची बिअर विकत घेऊन मुरवत आणि मिसळत. स्वतःच्या भट्टीवरची बिअर १९३८पासून सुरू झाली.

लॅम्बिकला विरजण लावत नाहीत. आपलं आंबोळीचं पीठ रात्रभर झाकून ठेवलं की आपसूक आंबतं, तशातलाच प्रकार. दोन हिस्से मोड आणून वाळवलेला सातू आणि एक हिस्सा कच्चा गहू यांचा गोडसर काढा हॉप्सच्या फुलांबरोबर तासन्‌तास उकळतात. हॉप्सही मुद्दाम जुने घेतात. कडूपणा बराच उतरलेला, पण काढा नासू न देण्याचा गुण शाबूत. मग हा उकळता काढा माळ्यावरच्या तांब्याच्या पसरट, उथळ हौदात सोडतात. वाफ तुळयांपर्यंत चढते, रात्रीची गार हवा काढ्यावरून फिरत राहते. सकाळी तापमान वीस अंशांच्या आसपास आलेलं असतं, आणि हवेतलं, लाकडातलं यीस्ट न बोलावता आत उतरलेलं असतं. त्यातल्या एका जातीचं शास्त्रीय नावच ब्रसेल्सवरून पडलं आहे : ब्रेटानोमायसेस ब्रुक्सेलेन्सिस.

हे काम फक्त थंडीत, ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. उबेत नको ते जिवाणू शिरतात. २०१५च्या नोव्हेंबरात रात्री गारच पडेनात, तेव्हा इथे काही खेपांचा काढा ओतून द्यावा लागला होता.

पुढचा मुक्काम ओकच्या पिंपांत. तिथे कोळ्यांची जाळी कुणी झाडत नाही, कारण कोळी फळमाशा खातात आणि फळमाशा बिअर आंबट करून टाकतात. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेलं लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरलं की ग्यूझ होते. कोवळ्या लॅम्बिकमधली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस धरते. आंबट चेरी घातली तर क्रीक. पण कुठल्या पिंपात कुठलं मिसळायचं, हे जिभेवरच ठरतं. ती जीभ शेजारी उभं राहून चाखता-चाखताच तयार होते. म्हणून मला या धंद्यात घराणं महत्त्वाचं वाटतं. आज भरलेल्या पिंपाचे पैसे तीन वर्षांनी पाहण्याची तयारीही घरच्या माणसांचीच असते.

१९७०च्या सुमारास गोड पेयांची चलती होती आणि लॅम्बिकवाले एकेक करून बंद पडत होते. कांतियों घराण्याचे जावई जाँ-पिएर व्हान रॉय यांनी तेव्हा कारभार हाती घेतला आणि ग्यूझमध्ये गोडवा घालायला ठाम नकार दिला. १९७८मध्ये त्यांनी चालत्या भट्टीतच संग्रहालय उघडलं; येणाऱ्यांच्या तिकिटांचा आधार झाला आणि घर तगलं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. आता भट्टी त्यांचे चिरंजीव जाँ सांभाळतात.

२०१६मध्ये युनेस्कोने बेल्जियमची बिअर-संस्कृती मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ब्रसेल्सला जाणं झालं तर थंडीतच जा, आणि माळ्यावरचा तो तांब्याचा हौद पाहिल्याशिवाय परतू नका.

(पुढील लेखांकात : तूर्प गावची द्युपाँ घराण्याची शेतावरची ब्रुअरी)