कपाटातल्या ट्यूब आणि बाळाची कावीळ

नवजात बाळाची कावीळ वाढली की त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवतात. काचेबाहेरून आजी डोकावते, लख्ख उजेड दिसतो आणि तिचा जीव भांड्यात पडतो. पण दिवा लख्ख दिसणे आणि त्याने कावीळ उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या उपचाराचे मूळ उन्हात आहे. १९५६ मध्ये इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयातील सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाच्या अंगावरचा पिवळेपणा कमी झाला होता. फक्त चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण पिवळाच राहिला होता. डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये यावरून दिव्यांचा उपचार मांडला. प्रकाशामुळे त्वचेतील बिलिरुबिनचे रूप बदलते आणि ते पित्तावाटे व लघवीवाटे निघून जाते. त्यासाठी साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश लागतो. कावीळ तीव्र असेल तर तो पुरेसा जोरदारही हवा, नाहीतर बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोहोचून कायमची इजा करू शकते.

अजूनही पुष्कळ ठिकाणी हा प्रकाश निळ्या ट्यूबमधून येतो. अशा ठिकाणी भांडारपालाचा नेहमीचा प्रश्न असतो: कपाटात ठेवलेल्या जादा ट्यूब पडून पडून खराब होतात का? उत्तर असे, की फारशा नाहीत. सीलबंद काचेत थोडा वायू आणि किंचित पारा असतो. ट्यूब पेटत नाही तोवर आतले काही झिजत नाही. ओल लागून टोकांच्या पिना गंजणे किंवा आदळून काचेला बारीक तडा जाणे, एवढीच काय ती भीती. प्रोजेक्टरच्या जादा दिव्याचेही तसेच आहे. तिथे कपाटात संपते ती बहुधा फक्त वॉरंटी. बॅटरीचे गणित मात्र वेगळे. ती न वापरताही उतरते.

खरी झीज पेटल्यावर सुरू होते. आतला फॉस्फरचा लेप हळूहळू निकामी होतो आणि उपयोगी निळा प्रकाश घटत जातो. ट्यूब मात्र पेटतच राहते. डोळ्यांना हा फरक कळत नाही. ट्यूबचे आयुष्य हजार तास धरले, तर दिवसरात्र चालणाऱ्या कक्षात ते जेमतेम ४२ दिवसांत संपते! म्हणजे कपाटात नव्या ट्यूब सुरक्षित आणि बाळाच्या डोक्यावर थकलेल्या, असे सहज घडू शकते. ‘अजून पेटते आहे ना, मग चालू द्या’ ही काटकसर महागात पडते. बदलायच्या तर सगळ्या ट्यूब एकदम बदलाव्यात, तासांची नोंद ठेवावी आणि रेडिओमीटरने बाळाच्या उंचीवर प्रकाश मोजावा. तीव्र काविळीसाठी तो दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला किमान ३० मायक्रोवॅट असावा, असा प्रचलित निकष आहे. दिवा लांब सरकवला किंवा त्याखालच्या झाकणावर धूळ बसली, तरी आकडा घसरतो.

पालकांनी ‘प्रकाश शेवटचा कधी मोजला?’ असे विचारायला संकोच करू नये. दिव्याखाली ठेवूनही रक्तातील बिलिरुबिन अपेक्षेप्रमाणे उतरत नसेल, तर बाळाला पुन्हा तपासतानाच दिवाही तपासावा लागतो.

एलईडी दिवे खूप जास्त तास टिकतात, म्हणून आता त्यांना पसंती आहे. तरी मोजणी त्यांनाही चुकत नाही.