चुलीवरची डीएनए बँक

'डीएनए' म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचे पोलीस आठवतात, नाहीतर केसांचे न् थुंकीचे नमुने. पण वर्षानुवर्षं घरात डीएनए जपणाऱ्या बायका आपल्या आसपासच आहेत! डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर डोकावून बघा. चुलीवर टांगलेली भोपळ्याची बी, राखेत घोळवलेले वाल, शेणाने सारवलेल्या कणगीतलं भात. बी म्हणजे तरी काय? त्या वाणाचा सगळा डीएनएच, तोही शिदोरीसकट!

बियाण्याचे मोठे शत्रू दोन, ओल आणि उष्णता. बियाण्यातली ओल एका टक्क्याने कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा शास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं तरी तसंच. म्हणून तर नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीज-तिजोरीत २००८ पासून उणे १८ अंशांत बियाणी ठेवतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत एवढा गारवा कुठून आणायचा? मग इथली बाई कोरडेपणा सांभाळते. चुलीची ऊब ओल धरू देत नाही, धूर किडीला लांब ठेवतो.

डहाणू-घोलवडच्या चिकूची गोष्ट वेगळी. बी लावून तसंच फळ येईल याची खात्री नाही, म्हणून रायणीच्या रोपावर कलम बांधायचं. त्याचा डीएनए जपायचा तो जिवंत झाडातच.

भात, नागलीचं घरचं बी मात्र वर्षानुवर्षं जातीला धरून राहतं. संकरित बियाण्याचं तसं नाही. ते दुसऱ्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागते. या नादात घरचं वाण दोन-चार पावसाळे पेरायचं राहिलं, की कणगीतलं बी मरतं. आणि ते शेवटचं असेल तर? परत आणणार कुठून?

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी वाणं गोळा केली. २०२० मध्ये त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. घरचं बी राखायचा, पेरायचा, एकमेकींना द्यायचा हक्क तर २००१ च्या कायद्यानेच शेतकऱ्याला दिलाय.

तेव्हा मैत्रिणींनो, गावी सासूबाईंच्या, आजीच्या गाठोड्यात काय आहे ते विचारा. पावसाआधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून बघा. आठ-नऊ रुजल्या तर ठेवा अर्ध्या पेरायला आणि अर्ध्या द्या शेजारणीला. आपलं हरवलं तरी तिच्याकडे राहील!