समजून घ्या : 'गावठी' गायीला नाव मिळाले; कोकण कपिला गोठ्यात टिकणार का?

रत्नागिरी : कोकणातल्या लहान चणीच्या गायीला लोक वर्षानुवर्षे 'गावठी' म्हणत आले. २०१८ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची 'कोकण कपिला' ही स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मात्र नाव मिळाले तरी गोठे रिकामे होणे थांबलेले नाही.

वैशिष्ट्य काय?
धो धो पाऊस, दमट हवा आणि उन्हाळ्यात सुकणारा कातळ हे सारे ही गाय सोसते. डोंगरउतारावर चरून ती निकृष्ट चाऱ्यावरही तग धरते. दूध मोजकेच देते; पण खर्चही कमी. हलक्या अंगाचे बैल भाताच्या अरुंद खाचरात सहज वळतात.

मग गुरे का कमी झाली?
नांगरणीला पॉवर टिलर आला आणि बैलाचे काम गेले. तरुण मुंबईला गेल्याने गुरे राखायला माणूस उरला नाही. दुधाच्या हिशेबात संकरित गाय पुढे गेली.

लामाशी साम्य कोणते?
दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात आदिवासी कुटुंबे लामा पाळतात. विरळ हवा आणि तुटपुंजे गवत त्याला चालते. ट्रक आल्यावर त्याचेही ओझे वाहण्याचे काम घटले. तरी लोकर, मांस आणि शेणखतासाठी तो टिकला. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष लामा, उंट अशा प्राण्यांसाठी जाहीर केले होते.

सरकारी मदत कोणाला?
राज्याने २०२४ मध्ये देशी गायींना 'राज्यमाता-गोमाता' दर्जा दिला. गोशाळेतील देशी गायीसाठी दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णयही झाला. मात्र घरी दोन-चार गुरे बाळगणारा शेतकरी त्यात बसत नाही.

पुढचा मार्ग काय?
नोंदणीमुळे जातीची लक्षणे ठरली; त्यामुळे शुद्ध वळू निवडून पैदास करणे सोपे झाले. आता गायीला नवे काम हवे. आंबा-काजूच्या बागांना शेणखत लागते. गोठ्यातल्या खताला चांगला दर आणि गावोगावी वळूची सोय झाली, तर गाय पाळणे परवडेल. नाहीतर कोकण कपिला नोंदवहीत राहील, गोठ्यात नाही.